दिवसा पोट भरलेलं, रात्री डबा रिकामा

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वहिनींनी लिहिलं आहे. एकत्र कुटुंब, केळीची शेती. नणंद वीस वर्षांची, कॉलेजला रोज जाऊन-येऊन करते. गेल्या वर्षी श्रावणात तिनं सोमवार धरले, पुढे नवरात्राचे नऊ दिवस केले. वजन उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. कमी झालेलं जेवण मग पुन्हा वाढलंच नाही. आधी भात सुटला, मग तेल-तूप, मग दूध. आता चार घास खाल्ले की पोट गच्च झालं म्हणते, ढेकरा देत बसते. दोन डॉक्टर झाले. सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली. पित्ताच्या गोळ्या, पोट साफ होण्याचं चूर्ण आणि 'हलकं खा' हा सल्ला मिळाला. पाच महिने पाळी नाही. यंदा कानबाईच्या रोटाला (खानदेशातल्या या देवीच्या सणाचा, घरच्यांनी मिळून खायचा प्रसाद) तिनं नुसतं तोंड लावलं आणि ती उठून गेली, ते सासूबाईंच्या जिव्हारी लागलं. आणि याच घरात शेवेचे, लाडवांचे डबे रात्रीतून रिकामे होतात. सासूबाई सरळ म्हणतात, "दिनभर पोट भरेल ऱ्हास, मंग रातले डबा कोन खास?" (दिवसभर पोट भरलेलं असतं, मग रात्री डबा कोण खातं?) वहिनींच्या यजमानांना वाटतं, हा पोटाचाच आजार आहे, मुंबईला नेऊ. मागच्या महिन्यात वहिनींनी तिला जेवणानंतर उलटी काढताना पाहिलं. तिनं पाय धरून शपथ घातली की आईला सांगायचं नाही. त्यातच स्थळं पाहणं सुरू झालं आहे. वहिनी विचारतात: ती खोटं बोलते आहे का? आधी पोट बरं करायचं की मन? आणि शपथ मोडायची का?

प्रिय ताई,

तुम्ही पत्रात तिचं आधीचं आणि आताचं वजन किलोमध्ये लिहिलं आहे. न्हाणीघरात काय पाहिलं तेही सविस्तर लिहिलं आहे. दोन्ही मी मुद्दाम छापलेलं नाही. हे सदर तिच्या वयाच्या मुली वाचतात, आणि असा आकडा एखादीला गाठण्याजोगा वाटू शकतो. तिची काळजी घेणाऱ्यांना तो आकडा माहीत आहे, तेवढं पुरे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. ती खोटं बोलत नाही. दिवसा तिचं पोट खरोखर भरलेलं असतं आणि रात्री तिला खरोखर असह्य भूक लागते. तुमच्या घरात सगळ्यांना वाटतंय की यातलं एक खरं असेल तर दुसरं नाटक असलं पाहिजे. पण बरेच महिने उपाशी राहिलेल्या शरीरात ही दोन्ही एकत्र असतात.

पत्रावरून निदान करता येत नाही, आणि ते मी करतही नाही. पण एकेक पदार्थ वगळत जाणं, वजन झपाट्यानं उतरणं, पाळी थांबणं, रात्री एकदम खूप खाणं आणि मग ते उलटीवाटे काढून टाकणं, हे सगळं एकत्र दिसतं तेव्हा खाण्याच्या विकाराचा विचार करावाच लागतो. ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडत जाणं) आणि बुलिमिया (एकदम खूप खाऊन मग ते उलटीसारख्या मार्गानं काढून टाकणं) ही त्यातली ठळक नावं. दोन्हींची लक्षणं एकाच मुलीत दिसू शकतात.

आता पोटाकडे वळू. जठर ही स्नायूंची पिशवी आहे. अन्न घुसळायचं आणि थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडायचं, हे तिचं काम. माणूस आठवड्यांमागून आठवडे कमी खात राहिला की हे काम मंदावतं, खाल्लेले चार घास बराच वेळ तिथंच राहतात. मग पोट फुगल्यासारखं वाटतं, मळमळतं, ढेकरा येतात, पुढचं ताट समोर आलं की नको वाटतं. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचं जठर उशिरा रिकामं होतं, हे तपासण्यांनी मोजून पाहिलेलं आहे. मोठं आतडंही संथ होतं, म्हणून पोट साफ होत नाही. दुर्बिणीतून जखम दिसते, सूज दिसते, गाठ दिसते. जठर किती वेळात रिकामं होतं ते त्या तपासणीत कळत नाही. तुमच्या घरात 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'हिला काही होत नाही' असा घेतला गेला, आणि तिथून सासूबाईंचा विश्वास उडाला.

तुमचे यजमान मात्र समजतात की पोट बिघडलं म्हणून ती कमी खाते. अशा आजारात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. खाणं कमी झालं म्हणून पोट मंदावलेलं असतं. त्यावर 'हलकं खा' असं सांगितलं की ती आणखी कमी खाते, पोट आणखी मंदावतं, आणि तिच्या मनातल्या भीतीला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आधार मिळतो. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय लटपटतात, तेव्हा आपण त्याला आणखी झोपवून ठेवत नाही, हाताला धरून चालवतो. जठराचं तसंच आहे. नियमित जेवण सुरू झालं की काही आठवड्यांत ते सुधारू लागतं, अनेकदा वजन पुरतं भरून येण्याच्या कितीतरी आधी. रुग्णालयात ठेवलेल्या ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये नीट आहार सुरू होऊन साधारण 3 आठवडे झाल्यावर मोठ्या आतड्याचा वेग पूर्ववत झालेला आढळला आहे.

चूर्णाचं एवढ्यासाठीच सांगते. ती ते दिलेल्या मापात घेते की जास्त, यावर लक्ष असू द्या. जुलाब करवणारी औषधं मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, आणि अन्नातलं पोषण त्याआधीच, लहान आतड्यात शोषलं गेलेलं असतं. जुलाबातून जातं ते पाणी आणि क्षार. वजनकाट्यावर सकाळी जो फरक दिसतो तो त्या पाण्याचा. उलटीतूनही पोटॅशियमसारखे क्षार घटतात, आणि पोटॅशियम फार उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. अंगानं भरलेल्या मुलीतही हे होऊ शकतं. म्हणून 'आमची काही इतकी बारीक नाही' असं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

रात्रीच्या डब्याचं कोडं उलगडायचं तर भुकेच्या हॉर्मोनांकडे यावं लागतं. जठरातून घ्रेलिन नावाचं हॉर्मोन रक्तात जातं. जपानमधले मासायासू कोजिमा, केंजी कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 1999 मध्ये शोधलं. जेवणाआधी ते वाढतं, जेवल्यावर उतरतं, आणि मेंदूला सांगतं की खायची वेळ झाली. वजन खूप उतरलेल्या ॲनोरेक्सियाच्या रुग्णांच्या रक्तात ते कमी नसतं, उलट जास्त सापडतं, आणि वजन भरून आलं की खाली येतं. म्हणजे तिचं शरीर अन्न मागणं सोडत नाही. मग दिवसा ती का खात नाही? एक तर मंदावलेलं जठर आधीच भरलेलं. दुसरं, आतड्याच्या खालच्या भागातून पेप्टाइड वायवाय नावाचं हॉर्मोन येतं, ते भूक शमवतं, आणि ॲनोरेक्सियात ते वाढलेलं असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. तिसरं आणि सर्वांत मोठं कारण भीती. वजन वाढेल ही भीती एवढी जबर असते की काही तास ती भुकेलाही दाबून ठेवते. रात्री सगळे झोपले, दिवसभराचा थकवा आला, की भीतीचा जोर ओसरतो आणि भूक उसळते. शेवेचा डबा तेव्हा उघडतो.

आणि एकदा उघडला की थांबता येत नाही. त्यालाही शरीराचं कारण असू शकतं. लहान आतड्याच्या वरच्या भागात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे हॉर्मोन निघतं. ते मेंदूला 'आता पुरे' असं कळवतं. 1988 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुलिमिया असलेल्या स्त्रियांमध्ये जेवणानंतर हे हॉर्मोन निरोगी स्त्रियांच्या मानानं कमी वाढलेलं दिसलं, आणि पोट भरल्याची जाणीवही त्यांना कमी झाली. आपल्याकडे याला 'हावरटपणा' म्हणतात. कृपा करून तो शब्द तुमच्या घरात यापुढे कुणी वापरू नये, एवढं पाहा.

पाळीचा प्रश्नही यातच आहे. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन हे हॉर्मोन स्रवतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं ते 1994 मध्ये उजेडात आणलं. अंगावरची चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदू त्यावरून ओळखतो की साठा संपत आला आहे. मग तो खर्च कमी करू लागतो. पाळी थांबते, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते. तुम्ही लिहिलंय की ती उन्हाळ्यातही पांघरूण घेते आणि तरी रात्री गच्चीवर फेऱ्या मारत असते. अशक्त माणसाला एवढं चालवतं कसं, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. उपासमारीत काहींना चैन पडत नाही, सतत हालचाल करावीशी वाटते, आणि त्याचा घटलेल्या लेप्टिनशी संबंध असल्याचं संशोधकांचं मत आहे. पाळी आणण्याच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर एवढं लक्षात घ्या की गोळीनं रक्तस्राव होईल, पण थांबण्याचं कारण तसंच राहील, आणि या काळात हाडांची जी झीज होते ती त्यानं भरून येत नाही. पाळी जेवणानं परत येते. त्याला अनेक महिने लागू शकतात.

ती रात्रंदिवस मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहते, सगळ्यांसाठी हौसेनं खापरावरचे मांडे करते आणि स्वतः एकाचाही तुकडा मोडत नाही, हे वाचून मला एका जुन्या प्रयोगाची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन साधारण चौथाईनं उतरलं. ही चांगली धडधाकट, मनानं खंबीर मुलं होती. त्यांना खाण्याशिवाय दुसरं सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण बराच वेळ पुरवून खाऊ लागले, चिडचिडे आणि उदास झाले, थंडीनं कुडकुडू लागले. काहींचा निश्चय मोडून त्यांनी चोरून भरमसाट खाल्लं. आणि पूर्ण जेवण सुरू झाल्यावरही कित्येकांना पुढे बराच काळ पोट भरल्यासारखं वाटतच नव्हतं. त्या तरुणांना वजन वाढण्याची भीती नव्हती, तिला आहे, हा मोठा फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण ज्या गोष्टींना तुमच्या घरात 'स्वभाव बदलला', 'वागणं वाकडं झालं' म्हणतात, त्यातल्या पुष्कळशा उपासमार कुणाच्याही बाबतीत घडवून आणते.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. आधी पोट की आधी मन, असा क्रम लावत बसू नका. जेवण हाच पहिला उपचार आहे, आणि मनाचा उपचार त्याच्या बरोबरीनं. उपाशी मेंदूला समजावून फारसं काही पोचत नाही. 'भूक लागली की खाईल' हेही सोडून द्या. भूक आणि तृप्ती सांगणारी तिची यंत्रणाच सध्या विसकटली आहे, म्हणून काही महिने तिनं घड्याळ पाहून खायचं. भूक असो नसो.

पण उद्याच तिच्यापुढे भरलेलं ताट ठेवू नका. आधी डॉक्टर. फार दिवस फार कमी खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न किंवा ग्लुकोज मिळालं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं उतरू शकतं आणि जीव धोक्यात येऊ शकतो. आपल्याकडे अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. ग्लुकोजची बाटली तिला रक्ततपासणीशिवाय लावू देऊ नका.

मुंबईचा बेत तूर्त बाजूला ठेवा. आधी जवळच्या एमडी फिजिशियनकडे न्या आणि त्यांच्या सल्ल्यानं मानसोपचारतज्ज्ञाकडे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची सोय आहे. कुठे जावं हे कळत नसेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीही करू शकता, आजारी माणसानंच करावा असं काही नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण 'पोट दुखतं, भूक नाही' एवढंच सांगतो आणि पित्ताची गोळी घेऊन परत येतो. म्हणून एका कागदावर लिहून न्या: वजन किती काळात किती उतरलं, कोणते पदार्थ बंद केले, पाळी कधीपासून नाही, उलटी, चूर्ण किती, चक्कर येते का, रात्रीचं खाणं. नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, पोटॅशियम-फॉस्फरस-मॅग्नेशियम, साखर आणि ईसीजी यांबद्दल विचारा. थायरॉईड, क्षयरोग, मधुमेह, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिॲक आजार यांनीही वजन उतरतं, तेव्हा तेही डॉक्टरांना तपासू द्या. तुमच्या यजमानांची शंका अगदीच निराधार नाही. मात्र घ्रेलिन, लेप्टिनच्या महागड्या तपासण्या कुणी सुचवल्या तर पैसे घालवू नका. या हॉर्मोनांची माहिती समजून घेण्यापुरती उपयोगाची आहे, उपचार त्यांच्या आकड्यांवर ठरत नाहीत.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, आहारतज्ज्ञांनी माप ठरवून दिलं, की घरचं काम सुरू. जठर मंद आहे, म्हणून ताट छोटं आणि वेळा जास्त. तीन जेवणं आणि मध्ये तीन वेळा थोडं काही, म्हणजे दर तीन तासांनी काहीतरी पोटात. वाटीभर खिचडी असेल तर तिच्यावर तेल आणि शेंगदाण्याची चटणी, भाकरीला तूप, दुपारी दूध-केळं, संध्याकाळी दाण्याचा लाडू. केळी तर तुमच्या शेतातलीच. सॅलड, सूप, ताक यांनी पोट फुगतं आणि पोषण थोडकं मिळतं, ते सध्या मागे ठेवा. जेवणाआधी तांब्याभर पाणी पिण्याची तिची सवय आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या सवयीवरही नजर असू द्या.

जेवताना घास मोजू नका. शेजारी बसून स्वतः जेवा. जेवण झाल्यावर तासभर तिला एकटं सोडू नका, पण तो पहारा वाटू नये. मेथी निवडायला घ्या, सिरियल लावा, कॉलेजचं विचारा. खाण्याबद्दल या वेळात एकही शब्द नको. डब्यांना कुलूप लावायचा विचार सासूबाई करत असल्या तर त्यांना थांबवा. रात्रीचा डबा दुपारच्या जेवणानं थांबतो. दिवसा नियमित खाणं सुरू झालं की रात्रीची उसळी कमी होत जाते. आणि उलटी झालीच तर साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगा, लगेच ब्रश नको, आम्लानं मऊ पडलेलं दातांचं आवरण घासल्यानं झिजतं.

आता जे होणार आहे त्याची आधीच कल्पना देऊन ठेवते, कारण पुष्कळ घरं इथंच हरतात. पहिले काही आठवडे तिचा त्रास वाढेल. पोट जास्त फुगेल, पावलांवर किंवा चेहऱ्यावर सूज येऊ शकते (आली की डॉक्टरांना कळवायचं), ती रडेल, म्हणेल की बघा, मी सांगत होते ना मला सोसत नाही. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणणार, जाऊ दे, आज नको तर नको. तो दिवस सांभाळायचा आहे. "तुझं पोट दुखतंय हे खरं आहे, आणि खाल्ल्यानंच ते हळूहळू कमी होणार आहे," एवढंच शांतपणे म्हणत राहा. उलट, पुढे कधी तिला इतकी भूक लागेल की सगळे घाबरतील. तेही शरीराचं भरून काढणं आहे, पुन्हा डाएट सुचवू नका. आणि गालावर जरा तेज आलं की "तब्येत सुधारली हं" असं कुणी बोलून जाईल. तिला त्यातून 'जाडी झालीस' एवढंच ऐकू येतं. तिच्या अंगावर बोलणंच बंद करा, बरंही नको, वाईटही नको.

शपथेबद्दल. तुम्ही एका महिन्यापासून हे एकटीनं वाहत आहात, आणि सासरी राहून हे किती अवघड आहे हे मला कळतं. उद्या काही झालं तर 'तुला माहीत होतं' म्हणून बोट तुमच्याकडेच वळेल, ही भीतीही पत्रात दिसते. शपथ पाळू नका. पण तिच्या पाठीमागेही मोडू नका. तिला एकटीला गाठून सांगा: "मी कुणाला चहाडी म्हणून सांगणार नाही. पण उलटीनं तुझ्या हृदयाला धोका आहे, हे कळल्यावर मी गप्प बसू शकत नाही. आईंना तू सांगतेस की मी सांगू, की दोघी मिळून सांगायचं, एवढं तू ठरव. उद्या संध्याकाळपर्यंत." ती चिडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. तरी सांगा.

सासूबाईंना मी शत्रूपक्षात धरत नाही. रोटाच्या वेळी लेक उठून गेली याचं त्यांना लागलं, कारण तो घास त्यांच्यासाठी घरच्यांनी मिळून खायचा आहे. त्यांना हॉर्मोनांची नावं सांगायची गरज नाही. एवढं सांगा की हा आजार आहे, त्यात पोटाची हालचाल मंदावते, दिवसा भरल्यासारखं वाटतं, रात्री भूक उसळते, म्हणून पोर खोटी नाही. हेही सांगा की यात त्यांच्या संगोपनाचा दोष नाही. 2019 मध्ये जवळपास 17 हजार ॲनोरेक्सियाग्रस्तांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी निगडित 8 जागा सापडल्या आणि त्यांचा संबंध मनाच्या आजारांशी तसाच शरीराच्या चयापचयाशीही दिसला. काही मुली उपासाला बसतात आणि सहज उठतात, काहींच्या बाबतीत तोच उपास आजाराचं दार उघडतो, याचं एक कारण जन्मतःच अंगात असतं.

आणि सासूबाईंनाच एक काम द्या, जे तुम्हाला जमणार नाही. नवरात्र तोंडावर आहे. ती पुन्हा नऊ दिवस धरायचं म्हणेल, आणि देवाचं आहे म्हटल्यावर घरात कुणी आडवं येणार नाही. आजारी माणसाला उपासाची सूट असते, हे तिच्या आईनं तिला अधिकारानं सांगायला हवं: "यंदा तुझे उपास मी करते, तू जेव." हे तुमच्या तोंडून वेगळं लागेल, त्यांच्या तोंडून तिला मोकळं करेल.

स्थळांचं बोलणं आता थांबवा. पाहायला येणाऱ्यांसमोर उभं राहायचं म्हणजे अंगावर नजर, आणि तिचा सगळा आजार त्या नजरेभोवती फिरतो आहे. लग्नानं हे सुटत नाही, नव्या घरी लपवणं तेवढं वाढतं.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. हा आजार मुलग्यांनाही होतो, त्यांच्यात तो व्यायामाच्या वेडाआड लपतो. आणि सध्या वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे, ती आतड्यातल्या जीएलपी-1 या हॉर्मोनाची नक्कल करतात, जठर आणखी सावकाश करतात आणि भूक मारतात. मधुमेहात आणि लठ्ठपणात त्यांचा उपयोग आहे. खाण्याचा विकार असलेल्या किंवा कधी काळी असलेल्या कुणीही ती डॉक्टरांपासून हे लपवून घेऊ नयेत.

ही पानं तिच्या हाती पडली तर, बाळा, तुला एवढंच सांगते. तुला पोट गच्च वाटतं यावर माझा विश्वास आहे. रात्रीच्या त्या खाण्यानंतर तुला स्वतःची जी किळस येते, तिला तू पात्र नाहीस. तुझं शरीर तुला वाचवायला धडपडतंय. वहिनीनं तुझी शपथ मोडली तर ती तुझ्या बाजूनं उभी राहिली असं समज.

ताई, हे लक्षात ठेवा: चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, उलटीत रक्त, स्नायूंत गोळे येऊन हातपाय लुळे वाटणं, भान हरपणं, किंवा 'जगून काय करू' अशी भाषा, यातलं काहीही दिसलं तर भेटीची तारीख पाहत बसू नका. 108 ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. अपघात विभागातल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की ही बरेच महिने अर्धपोटी आहे आणि उलट्या काढते, म्हणजे ते ग्लुकोज लावण्याआधी क्षार तपासतील.